पांढरं आधी फाडायचं

चांगलं सुती कापड हाताने फाडताना जो आवाज येतो तो ज्याला सहन होत नाही, त्याने आमच्या धंद्यात पडू नये. मला तो आवाज आवडायचा. अजूनही आवडतो, पण आता तो ऐकला की एक लुगडं आठवतं, आणि त्या लुगड्याची हकीकत सांगितल्याशिवाय माझ्या कामाबद्दल बाकी काही सांगण्यात अर्थ नाही. संपादकांनी गमतीदार अनुभव मागितले आहेत. गमतीही झाल्या, त्यातली एक तर याच हकीकतीच्या मुळाशी आहे.

आमची बिबवेवाडीत जुन्या कपड्यांची वखार होती. माझं माहेर भवानी पेठेतलं. अब्बा रफूगर. कॅम्पातल्या एका शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी लोकांच्या सुटांवरची सिगरेटची भोकं अशी बुजवली की मालकालाही ती परत सापडली नाहीत. मी म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत मॅट्रिक झाले आणि लग्न होऊन यासीनच्या वखारीत आले. अब्बांना जावई पसंत होता, जावयाचा धंदा नव्हता. "मी जन्मभर जोडतो आणि हा फाडतो," असं ते यासीनसमोरच म्हणायचे. यासीन हसून त्यांना चहा द्यायचा.

लोकांना वाटतं, बोहारणीला जुने कपडे दिले, स्टीलचं पातेलं घेतलं, की संपलं. आमचं काम तिथून सुरू व्हायचं. बोहारणी पेठांतून, सोसायट्यांतून फिरून गाठोडी आणायच्या. पुढेपुढे सोसायट्याच फोन करू लागल्या आणि आमचा टेंपो जाऊ लागला. माल आला की आधी खिसे बघायचे. खिशांत सापडलेल्या वस्तूंसाठी आमच्याकडे पत्र्याचा एक मोठा डबा होता. त्यात किल्ल्या, बसचे पास, औषधांच्या चिठ्ठ्या, एकदा तर कवळी. कवळीचे मालक सदाशिव पेठेतून शोधत आले. आम्ही ती धुऊन, कागदात बांधून दिली. त्यांनी कागद उघडून बघितला आणि विचारलं, "कोणी वापरली नाही ना?"

मग निवड. धड कपडे धुऊन, इस्त्री करून जुन्या बाजारात विकायला जायचे. फाटके सुती कपडे कारखान्यांकडे, कारण यंत्रं पुसायला मऊ सुती कापडासारखं दुसरं काही नाही. कपडा सुती आहे का हे कळायला त्याचा एक दोरा ओढून काडी लावायची. सुती दोऱ्याची राख होते, बोटांत चुरगळते. पॉलिएस्टरचा काळा टणक मणी होतो. तो मणी दिसला की आमची तोंडं उतरायची, कारण त्या कपड्याला पुढे वाटच नव्हती. तो कचऱ्याच्या गाडीतून शहराबाहेर जायचा आणि तिथेच पडून राहायचा. आमच्या हातून असं किती गेलं, याचा विचार मी तेव्हा केला नाही, आता करते.

सुती मालात पांढऱ्याचा मान पहिला. गाड्यांना रंग देणाऱ्या कारखान्यांना पांढरंच लागायचं, कारण रंगीत कापडाला थिनर लागला की त्याचा रंग सुटतो. त्यातही शिवण, किनार, एखादा टाकासुद्धा चालत नसे. रंगावर टाका घासला की ओरखडा उठतो. म्हणून असा भाग आधी कात्रीने कापून वेगळ्या पोत्यात टाकायचा. ती कतरण, ती गादीवाला गाद्यांत भरायला न्यायचा. राहिलेलं साफ कापड हाताने फाडून हातभर लांबीरुंदीचे चौकोन करायचे. पांढरं रंगीत मालात राहिलं तर डागाळतं, म्हणून वखारीचा नियमच होता: पांढरं आधी फाडायचं.

दुसरा एक नियम माझ्या सासूबाईंचा होता. घरगुती गाठोडं तीन दिवस सोडायचं नाही. त्या म्हणायच्या, कपडा घराबाहेर गेला तरी माणसाचा जीव त्याच्याबरोबर लगेच बाहेर येत नाही, त्याला तीन दिवस लागतात. आणि खरंच लोक यायचे. एक प्राध्यापक आईचा भोकं पडलेला स्वेटर मागायला आले होते. बायकोने दिला म्हणाले, आणि बायकोला सांगू नका म्हणाले. सासूबाई गेल्यावरही मी तो नियम पाळला. मोडला तो एका बुजगावण्यामुळे.

ते असं झालं. नव्वदनंतर आमचा मालच बदलला. आधी कपडे आमच्याकडे यायचे ते म्हातारे होऊन, गुडघ्याला ठिगळ, कॉलर उलटी करून शिवलेली, बाही पायपुसणं होता होता वाचलेली. हळूहळू तरणे कपडे येऊ लागले. जीन्सच्या पँटी, परदेशी नावांचे शर्ट, काहींवर दुकानाची चिठ्ठी तशीच. अमेरिकेला जाणारी मुलं जाताना एक गाठोडं द्यायची, आणि परत येऊन आईवडिलांचं कपाट बघून दुसरं द्यायची. हिंजवडीकडे कंपन्या आल्यावर टी-शर्टांचा पूर आला. काम सुरू झालं की टी-शर्ट, संपलं की टी-शर्ट, सहलीला टी-शर्ट. अख्ख्या मजल्यावरची माणसं एका रंगात. मला ती पोरं आवडायची. घामाघूम होऊन स्वतः गाठोडी उतरवून द्यायची आणि थँक्यू काकू म्हणायची.

अशाच एका कंपनीने नाव बदललं आणि जुन्या नावाचे टी-शर्ट पोत्यांनी आमच्याकडे पाठवले. अट एकच, एकही धड बाहेर जाता कामा नये, सगळे फाडायचे. आम्ही हो म्हटलं. दोनेक महिन्यांनी त्यांचा एक तरुण साहेब वखारीत आला. लोणी काळभोरला कोणाच्या लग्नाला गेला होता. त्याने कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. ज्वारीचं शेत, शेतात बुजगावणं, डोक्याला मडकं, अंगात त्यांचा निळा टी-शर्ट, छातीवर कंपनीचं जुनं नाव.

"हे काय आहे, मॅडम?"

मी काही बोलायच्या आधी चंद्राबाई पुढे आली. ही आमची निवडीची मुख्य बाई. लोणी काळभोरची, रोज बसने यायची, आणि कापडाला नुसतं बोट लावून त्यात सूत किती ते सांगायची.

"माझ्या भावाचं रान हाय ते," ती म्हणाली. "टी-शर्ट मीच नेला. नवा कोरा व्हता, फाडाया हात हुईना."

"अहो, पण आमच्या कंपनीचं नाव आहे त्याच्यावर."

"साहेब," यासीन म्हणाला, "तो रोज वेळेवर हजर असतो. रजाही मागत नाही. तुमचं नाव काही खराब झालेलं नाही."

साहेब हसू दाबत होता, पण ते त्याला जमलं नाही. तरी त्याने आमच्याकडून लिहून घेतलं, की यापुढे आलेला माल त्याच दिवशी फाडला जाईल. तो कागद फक्त त्यांच्या मालाबद्दल होता. मला मात्र चंद्राबाईसमोर आणि साहेबासमोर ओशाळल्यासारखं झालं होतं, आणि ओशाळले की मी कडक होते. मी सगळ्याच मालाला तो नियम लावला. सकाळी आलेलं सगळं जेवणाच्या सुट्टीआधी फाडून व्हायला हवं. सासूबाईंचे तीन दिवस तिथे संपले. यासीन म्हणाला, "घरगुती माल राहू दे की." मी म्हटलं, "वखार आहे, संग्रहालय नाही." असल्या वाक्यांचा मला तेव्हा अभिमान होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका सोमवारी सकाळी, येरवड्याहून टेंपो आला. मिलिंद नावाच्या मुलाने फोन केला होता, घर बदलतोय म्हणून. चार पोती होती. तीन पोत्यांत नेहमीचंच होतं. चौथ्यात तळाला एक पांढरं नऊवारी लुगडं होतं, नीट घडी घातलेलं, थोडं पिवळट झालेलं. घडी उलगडली तर आतून कडुनिंबाचा वाळका पाला पडला. ज्या कपड्यात पाला घालून ठेवलेला असतो तो कोणी टाकायला काढलेला नसतो. हे मला कळायला हवं होतं, मी रफूगराची मुलगी आहे. मी पाला झटकला.

पांढरं लुगडं म्हटलं की मला विधवा बाईच दिसायची. आमच्यात पांढरं म्हणजे कफन, नाहीतर हजला निघालेल्या माणसाचा कपडा. कोणीतरी म्हातारी गेली असणार असं मी मनाशी ठरवलं, तिच्यासाठी अल्लाहकडे दुवा मागितली आणि कात्री घेतली. किनार काढली. पदराच्या एका कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचे तीन टाके होते. धोबी अशा खुणा करतात, मी हजारदा बघितल्या होत्या. तो कोपरा तिरका कापून कतरणीच्या पोत्यात टाकला. मग फाडायला घेतलं. इतकं सरळ आणि इतकं सुरेख कापड माझ्या हातांना क्वचित मिळालं असेल. चंद्राबाई वखारीच्या दुसऱ्या टोकाहून म्हणाली, "भाभी, काय कापड हाय. आवाजावरनंच कळतंय." जेवणाआधी सगळं संपलं. संध्याकाळी गठ्ठा भोसरीच्या एका कारखान्याकडे गेला.

मंगळवारी दहाच्या सुमाराला मिलिंद आला, बरोबर त्याची आई. मिलिंद तिशीचा असेल, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. आई साठी उलटलेली, उंच, ताठ, केस घट्ट बांधलेले. गयाबाई त्यांचं नाव.

"मॅडम, चूक माझीच आहे," मिलिंद म्हणाला. "आई दौंडला ताईकडे गेली होती. मी तिला सरप्राइज म्हणून सगळं शिफ्टिंग करून टाकलं. नवीन फ्लॅटमध्ये वॉर्डरोब आहे, ट्रंकेला जागा नव्हती. ॲक्च्युअली मी विचारायला हवं होतं."

"ट्रंकेच्या तळाला पांढरं लुगडं होतं माझं," गयाबाई म्हणाल्या.

त्या जिवंत माझ्यासमोर उभ्या होत्या आणि मी आदल्या दिवशी त्यांच्यासाठी दुवा मागून मोकळी झाले होते. माझ्या तोंडून काय निघावं? "कोणा मयताचं होतं का, आजी?"

"मयताचं नाही. माझ्या जन्माचं होतं."

मग त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. छप्पन साली त्या सासरच्यांबरोबर नागपूरला दीक्षेला गेल्या होत्या. तेरा वर्षांच्या होत्या. सासऱ्यांनी घरातल्या सगळ्या बायकांसाठी पांढरी लुगडी आणली. "त्याच्या आधी माझ्या अंगाला कोरं कापड लागलं नव्हतं. दुसऱ्यांनी अंगावरून उतरवलेलं आम्ही नेसायचो. कोणाचं आहे, का टाकलं, विचारायचं नाही. हे पहिलं माझं. त्याची घडी मीच मोडली." त्या सांगत होत्या आणि मिलिंद जमिनीकडे बघत होता. नंतर त्याने मला सांगितलं, नागपूरचं त्याला माहीत होतं, लुगडं अजून घरात आहे हे माहीत नव्हतं.

आता मी जे केलं ते लिहायला मला अजून जड जातं. मी म्हटलं, "कालच फाडलं असेल बायकांनी." बायकांनी. वखारीत पाच बाया होत्या, सगळ्या ऐकत होत्या. चंद्राबाईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि गयाबाईंना म्हणाली, "माझ्या हातनं फाटलं असंल, आज्जी." मी तिला तसं म्हणू दिलं.

गयाबाईंनी कोणाला बोल लावला नाही. "कुठे गेलं?" एवढंच विचारलं.

मिलिंदच्या गाडीतून आम्ही भोसरीला निघालो. मी मागे, गयाबाईंच्या शेजारी. वाटेत कळलं की त्यांनी खडकीच्या बाजूला एका कारखान्यात तीस वर्षं नोकरी केली, यंत्राचे सुटे भाग तेलात धुऊन पुसायच्या. "तुमच्यासारख्यांकडून यायच्या चिंध्या," त्या म्हणाल्या. "कधी लुगड्याचा काठ यायचा, कधी पोराच्या झबल्याची फुलं. मी बघत बसायची, कोणाचं असेल, कशाला टाकलं असेल. फोरमन ओरडायचा, गयाबाई, पुसा, वाचू नका." त्या थोडं हसल्या. मला हसता आलं नाही.

कारखान्यातले साहेब यासीनच्या ओळखीचे होते. त्यांनी रंगखात्याचं दार उघडून दिलं, स्टूल आणून दिलं. आमचा गठ्ठा सकाळच्या पाळीला सुटला होता. राहिलेले चौकोन गयाबाईंपुढे ठेवले. सगळे पांढरे, सगळे सारखे. त्यांनी एकेक उचलून अंगठा आणि बोट यांच्यामध्ये घेतला, डोळे मिटून चाचपला आणि आपला वाटला तो बाजूला काढला. पाच तुकडे काढले. मग त्यांनी कोपऱ्यातल्या पिंपात बघितलं. बाकीचे तिथे होते, रंगाने आणि तेलाने काळे झालेले. त्यांनी पिंपाचा वास घेतला. "हा वास माझ्याही हाताला होता तीस वर्षं," त्या म्हणाल्या, आणि पिंपाजवळून हलेनात.

मिलिंद म्हणाला, "आई, पाच मिळाले ना."

"पदराचा कोपरा नाही यात."

"कुठला कोपरा?"

"आम्ही सासूला आत्याबाई म्हणायचो. नागपूरला लाखांनी माणसं होती, सगळ्या बायका पांढऱ्या लुगड्यांत. मी पोर. आत्याबाईंना धास्ती, ही हरवली तर ओळखायची कशी? म्हणून गाडीतच त्यांनी माझ्या पदराच्या कोपऱ्याला निळ्या दोऱ्याचे तीन टाके घातले. आणि खरंच हरवले मी. पाणी प्यायला गेले आणि सगळीकडे पांढरंच पांढरं. मी रडत उभी, आणि मागून कोणीतरी पदर धरला. टाके बघून शोधलं त्यांनी मला." त्यांनी पुन्हा पिंपाकडे बघितलं. "लुगडं जाऊ दे. तेवढा कोपरा मिळाला असता तर बरं झालं असतं."

तीन निळे टाके. धोब्याची खूण. टाक्याचं कापड कारखान्यात येतच नाही, ते कतरणीत जातं. आणि मंगळवार हा गादीवाल्याचा दिवस. मी मोबाइलवरून वखारीत फोन लावला.

"चंद्राबाई, कतरणीची पोती हलवू नकोस."

"गादीवाला हितंच उभा हाय, भाभी. दोन पोती चढवलीत गाडीवर."

"उतरव."

"त्यो वरडतोय."

"ओरडू दे. त्याला चहा पाज आणि बसवून ठेव."

परतीच्या वाटेवर गयाबाई मांडीवर पाच तुकडे घेऊन बसल्या होत्या. वखारीत पोचलो तर गादीवाला तिसरा चहा पीत होता आणि चंद्राबाईने अंगण झाडून घेतलं होतं. सगळी पोती आम्ही तिथेच उलटी केली. कॉलरी, कफ, परकरांचे नेफे, काज, पँटींच्या दुमडी, शाळेच्या गणवेशांची नावं घातलेल्या पट्ट्या, असा गुडघाभर ढीग. सगळेच खाली बसलो. मिलिंदही मांडी घालून बसला. त्याचं ओळखपत्र चिंध्यांत सारखं अडकत होतं, शेवटी त्याने ते गळ्यातून काढून खिशात टाकलं. गादीवाल्यालाही राहवेना, तोही शोधू लागला.

तासभर गेला असेल. मला तो दिसला तो टाक्यांमुळे नव्हे. टाके खाली दबले होते. मला दिसला तो काप. कोपरा कापताना माझी कात्री नेहमी डावीकडे तिरकी जाते, अब्बा लहानपणी त्यावरून रागवायचे. ढिगात एक तिरका पांढरा तुकडा होता. मी उचलून उलटा केला. निळे, फिकट झालेले, एकाशेजारी एक तीन टाके.

मी तो गयाबाईंच्या हातात दिला आणि म्हटलं, "हा काप माझा आहे. लुगडं मी फाडलं. चंद्राबाईने नाही."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. त्यांची नजर कोपऱ्यावरून हलली नाही.

"कसं?"

"गाडीत तुमचे हात बघत होते. फाडून फाडून अंगठ्याला केवढा घट्टा पडलाय. येताजाता सारखा तोच अंगठा दाबत होतात." मग त्यांनी वर बघितलं. "आता एक करा. या चंद्राबाईंना आज चहा तुमच्या हाताने करून द्या."

मी चहा केला. चंद्राबाई म्हणाली, "साखर कमी झाली," आणि सगळा प्यायली. त्या दिवशी मी तिची माफी मागितली, सगळ्या बायांसमोर. दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंचे तीन दिवस वखारीत परत आले, आणि वखार बंद होईपर्यंत राहिले. कंपन्यांच्या मालाला लिहून दिलेला नियम, घरगुती मालाला सासूबाईंचा.

पुढच्या आठवड्यात गयाबाई एक नवं पांढरं लुगडं आणि तो कोपरा घेऊन भवानी पेठेत अब्बांकडे आल्या. अब्बांनी तेव्हा काम सोडलं होतं, डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. पण जुनं सूत बघितल्यावर त्यांनी चष्मा मागवला. नव्या पदराचा कोपरा काढून त्या जागी जुना बसवायचा, असं काम होतं.

"ताई, असा बसवतो की जोड कुठे आहे ते तुम्हालाही कळणार नाही," अब्बा म्हणाले.

"नको, चाचा. कळू दे."

"म्हणजे?"

"फाटलं होतं ना. मग जोडलेलं दिसू दे."

अब्बांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "ताई, रफू दिसला तर तो रफूगर कसला? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, नीट जोडलंय."

अब्बांनी दोन दिवस घेतले. पहिल्या दिवशी नुसते कुरकुरत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाड पांढऱ्या दोऱ्याने, एकसारख्या ठसठशीत टाक्यांनी तो तिरका कोपरा बसवला. निळ्या टाक्यांना त्यांनी सुई लावली नाही. झाल्यावर मला दाखवून म्हणाले, "साठ वर्षांत पहिल्यांदा दिसायला शिवलं." नंतर त्यांनी कोणाचंच काही शिवलं नाही. त्यांचं शेवटचं काम ते, आणि मला त्यांचं सगळ्यात आवडतं काम तेच आहे. पाच तुकडे गयाबाईंनी धुऊन पुन्हा ट्रंकेत ठेवले. नव्या फ्लॅटमध्ये ट्रंकेला जागा मिळाली, दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी.

दसऱ्याला येरवड्याच्या विहारात कार्यक्रम असतो. गयाबाईंनी मला आणि चंद्राबाईला बोलावलं, आणि बजावलं, पांढरं नेसून या. माझ्याकडे पांढरी साडी नव्हती, नवी घेतली. जाताना वाटेत अब्बांकडे डोकावले, तर त्यांनी मला बघितलं आणि घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही, अब्बा. एका जन्मदिवसाला चाललेय."

विहारापुढच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. म्हाताऱ्या, तरण्या, कडेवरची पोरं, ऑफिसात जाणाऱ्या मुली, सगळ्या पांढऱ्यांत. आयुष्यभर मी पांढरं बघितलं ते फाडण्यासाठी. एवढं पांढरं अंगावर, हसताना, पोरांची नाकं पुसताना मी कधी बघितलं नव्हतं. चंद्राबाई म्हणाली, "भाभी, समदं सुती न्हाई यात," आणि मी तिला गप्प केलं.

तेवढ्यात मिलिंद गर्दीतून वाट काढत आला. कपाळाला घाम. "मॅडम, आई दिसली का? पाणी प्यायला जाते म्हणाली, अर्धा तास झाला. फोन लावतोय तर फोन माझ्याच खिशात वाजतोय, मगाशी तिने माझ्याकडेच दिला होता. परवाच बीपीची गोळी बदललीय तिची."

तो चेहरे शोधत एका बाजूला धावला. मी चेहरे बघितले नाहीत. मला कापड बघायची सवय. मी बायकांच्या पाठीमागून चालत राहिले, एकेका पदराचा कोपरा बघत, पाण्याच्या टाकीपर्यंत. तिथे नळाजवळ पाठमोऱ्या एका उंच बाईच्या पदराला तिरका, पिवळट कोपरा होता, भोवती अब्बांचे जाड टाके आणि मध्ये तीन निळे. पेला हातात घेऊन त्या नुसत्याच गर्दीकडे बघत उभ्या होत्या.

मी मागून तो कोपरा हातात धरला.

त्यांनी वळून बघितलं नाही. पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आले हो, आत्याबाई."